हंबीरचा जांभळा काठ

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

आज हंबीर दुकानात आला. आठ महिन्यांनी! मी शाळेच्या गॅदरिंगसाठी मावळ्यांचे पंधरा अंगरखे मोजत होतो. बाहेर रिक्षा थांबली आणि त्यातून हा उतरला. याच्या घरापासून माझं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचं, दुकान चालत सात मिनिटांवर. म्हटलं, "काय लेका, पेन्शन वाढली व्हय? रिक्षानं फिरायलास." तर म्हणाला, "चपलेचा अंगठा तुटलाय." चप्पल धड दिसत होती, पण असेल.

तो स्टुलावर बसला आणि भिंतीवरचे कपडे बघत राहिला. चाळीस वर्षं याला मीच सजवला. शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुट्टीत हौशी नाटकातले सरदार करायचा. छाती बेचाळीस. अंगरख्याचे बंद बांधताना मला दोन्ही हातांनी ओढावं लागायचं.

"निसार, नाटक लिवलंय," म्हणाला. "दोनच पात्रं. आठ फेब्रुवारी, रविवार, वाचनालयाचा हॉल ठरवून आलोय."

मला एवढा आनंद झाला की हातातले अंगरखे मोजायचे राहून गेले. गावातलं नाट्यगृह जळाल्यापासून आमच्या दुकानात मोठ्या माणसांची नाटकं येईनाशीच झाली होती. आता सगळी पोरांची मापं. लगेच टेप काढला, तर त्यानं माझा हात धरला. "माप नको. शिवलेलं कायबी नको. रोमन कपडा हाय. सात वार कापड नुसतं अंगावरनं घ्यायचं."

सरदार करणारा माणूस रोमन कसा काय झाला, असं मी विचारलं. म्हणाला, "म्हातारपणी हौस."

संध्याकाळी दुकान बंद करताना तिसरीचा वर्ग आठवत होता. हंबीर आणि मी एका पट्टीवर बसायचो. गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे, खिडकीतून गुऱ्हाळाचा वास यायचा. मला त्या कविता अजून सगळ्या येतात. धुलाई करताना म्हणतो. माझी बायको सुलतानबी म्हणते, "ह्यांच्या बादलीलाबी पाठ झाल्यात."

१२ डिसेंबर, शुक्रवार

हंबीर वही घेऊन आला आणि तासभर रोम सांगितलं. मी काम बाजूला ठेवलं. त्याला शिकवताना ऐकणं म्हणजे अजून सुख आहे. आवाज बसला होता, पण हवेत गारठा आहे.

तिकडे म्हणे माणूस रस्त्यात दिसला की कपड्यावरून त्याची जागा कळायची. साध्या नागरिकाला लोकरीच्या मूळ रंगाचं वस्त्र. निवडणुकीला उभा राहणारा त्यावर खडू घासून लख्ख पांढरं करायचा. (मी म्हटलं, आपल्या वॉर्डात सध्या तेच चाललंय, खडूच्या जागी नीळ आहे. तो हसला आणि हसता हसता खोकला.) सुतकात गडद वस्त्र. गुलामाला ते वस्त्रच नाही. आणि जांभळा काठ फक्त दोघांना: मानाच्या खुर्चीवर बसणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि लहान मुलांना. मूल वयात आलं की काठ सोडून साधं पांढरं घ्यायचं.

"मुलांना का रे?" मी विचारलं.

"काठ बघितला की मोठ्या माणसांनी जीभ सांभाळायची, हात सांभाळायचा. राखणीचा काठ त्यो."

मला हे फार आवडलं. आमच्या वर्गाला असा काठ असता तर गुरुजींची छडी निम्मी कमी झाली असती.

मी जांभळ्याचे तीन नमुने रंगवून ठेवले होते. त्यानं तिन्ही बाजूला सारले. "ही जांभळं झाली. लग्नातली शेरवानी झाली. त्यांचा रंग समुद्रातल्या गोगलगायींचा. एका काठाला हजारो लागायच्या. गोठलेल्या रक्तागत गडद, उन्हात धरला की तांबूस मारणारा."

आता तसा रंग मी कुठं बघणार? पण नशीब बघा. उठताना त्याच्या खिशातून रुमाल पडला. त्यावर एक डाग, मधोमध गडद, कडेला तांबूस, सुकलेला. मी ओरडलोच, "अरे ह्योच की! कशाचा डाग?"

त्यानं रुमालासाठी हात पुढं केला. म्हणाला, "पानाचा."

"तू कधीपासनं पान खायलास?"

"आता खातोय."

मी रुमाल ठेवून घेतला. रंगाऱ्याला तोंडी वर्णनाचा काही उपयोग नाही, हातात नमुना लागतो. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, धुऊन परत देतो की.  माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "घे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार न्हाई."

१४ डिसेंबर, रविवार

जमला! लालच्या तीन चिमट्या, निळ्याची एक, काळ्याचा नुसता वास आणि मूठभर मीठ. चिंधी सुकवून रुमालाशेजारी धरली. कुठला डाग आणि कुठला रंग ते ओळखू येईना. पन्नास वर्षांत इतकं तंतोतंत जुळलं नव्हतं. वडील असते तर पाठीवर हात ठेवला असता.

काम झाल्यावर रुमाल सुलतानबीला धुवायला दिला. ती मोरीवर बराच वेळ तो हातात धरून बसली होती. मी कौतुकानं चिंधी दाखवली तर म्हणाली, "रुमाल हंबीरभावजींचा?" व्हय म्हटलं. मग अर्ध्या जेवणावरून उठली. गुडघे दुखत असतील. थंडीत तिचे गुडघे धरतात.

२० डिसेंबर, शनिवार

हंबीरनं फोन केला. आणखी एक वस्त्र हवं. सुतकाचं, गडद.

हा रंग मी पुडीतून करणार नाही. वडिलांच्या पद्धतीनं करतो: गंजके खिळे गुळाच्या पाण्यात टाकून मडकं पंधरा दिवस झाकून ठेवायचं, कापडाला आधी हिरड्याचं पाणी द्यायचं, मग त्या मडक्यात बुडवायचं. कापड बघता बघता डोळ्यांसमोर काळं पडतं. असा काळा ओरडत नाही.

विचारलं, "ह्ये कुणासाठी? तुझं पात्र कपडे बदलतंय व्हय?"

"न्हाई. तुझ्या अंगाला बसंल असं कर."

मला कळेना. मग त्यानं उलगडलं. दोन पात्रांपैकी एक म्हातारा सरकारी मानकरी, जांभळ्या काठाचा. दुसरा त्याचा मित्र. जन्मभर जांभळा रंगवणारा रंगारी, ज्याला तो काठ अंगावर घ्यायची मुभा नाही. तो रंगारी मी करायचा!

मी म्हटलं, "खुळा हायस काय? मी पडद्यामागचा माणूस. लोकांची बटणं लावतो."

"तुला पाठांतर येतंय. तिसरीत तूच पहिला होतास."

"आणि आमच्यात सुतकाला असलं काळं-बिळं न्हाई बाबा. तीन दिवस, झालं."

"तुमच्यात न्हाई, आमच्यातबी न्हाई. ह्ये रोममधलं हाय. तिथं मित्रानं मित्रासाठी घातलं तर कोण इचारत न्हाई."

मी हो म्हणालो. अंगावर काटा आला. सत्तराव्या वर्षी स्टेजवर! सुलतानबीला सांगितलं तर तिनं नुसती मान हलवली आणि म्हणाली, "चांगलं पाठ करा. त्यांना वाट बघायला लावू नका." मला वाटलं होतं ती थट्टा करेल.

२८ डिसेंबर, रविवार

तालीम हंबीरच्या घरी. त्याची मुलगी संयोगिता पुण्याहून आली आहे, महिनाभराची रजा काढून. आजकालच्या कंपन्या बऱ्या दिसतात. तिनं चहा दिला, वडिलांना मात्र पेज. मी चिडवलं, "वजन कमी करायलाय काय सरदार?" संयोगिता पटकन आत गेली.

नाटक सुंदर लिहिलंय. पहिल्या प्रवेशात मानकरी रंगाऱ्याच्या दारात येतो आणि म्हणतो, तुझ्या हातांना वास येतो म्हणून लोक तुला लांब बसवतात, आणि त्याच हातांचा रंग खांद्यावर आला की मला उठून वाट देतात. माझं उत्तर बारा ओळींचं. पहिल्या झटक्यात बिनचूक म्हटलं.

शेवटच्या प्रवेशात मानकरी मेलेला आहे. रंगारी गडद वस्त्रात शेजारी उभा राहून बोलतो. चाळीस ओळी. हंबीर कॉटवर आडवा झाला, डोळे मिटले. "हां, म्हण."

मी सहाव्या ओळीला अडकलो. पुन्हा केलं, पुन्हा अडकलो. बाकी सगळं येतं आणि एवढंच येत नाही. तिसऱ्यांदा अडकल्यावर तो मेलेल्या अवस्थेतच म्हणाला, "अरं, मडं ताटकळलंय."

दोघंही हसलो. संयोगिता दारातून म्हणाली, "बाबा, बास करा." तो म्हणाला, "आणखी एकदा. आणि हे बघ निसार, रडायचं न्हाई. रडलास की मागच्या रांगेला शब्द कळत न्हाईत."

काय हुबेहूब पडून राहतो! छातीसुद्धा हलताना दिसत नाही. पूर्वी मरणाच्या प्रवेशात याचं पोट हलायचं आणि पोरं हसायची.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

वस्त्र तयार. मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडाला चार बोटं रुंद काठ जोडला. आज अंगावर घालून बघितलं. डाव्या खांद्यावरून पुढं सोडायचं, पाठीमागून फिरवून उजव्या काखेखालून घ्यायचं, पुन्हा डाव्या खांद्यावर टाकायचं. निऱ्या पडल्या आणि हंबीर एकदम भरल्यासारखा दिसायला लागला, पूर्वीचा. स्वेटर काढायला तयार नव्हता, त्यावरूनच घेतलं. आरशासमोर पाच मिनिटं उभा राहिला.

"काठ बरोबर आलाय," म्हणाला. "अगदी त्योच."

मला इतकं भरून आलं की मी उगाच टाचण्या गोळा करत बसलो.

१६ जानेवारी, शुक्रवार

या आठवड्यात तीन तालमी ठरल्या होत्या, एकच झाली. मतदान, मग निकाल, गल्लीत गुलाल. त्यामुळे असेल. हंबीरचा आवाज अगदी बसलाय. ज्येष्ठमध पाठवून दिला. असं केलं तर आठ तारखेला काय होणार? मी सहावी ओळ ओलांडली, अठरावीपर्यंत जातो.

१८ जानेवारी, रविवार

लिहायला नको वाटतं. पण लिहिलं नाही तर मी ते खोटं ठरवेन, माझी सवय मला माहीत आहे.

दुपारी मी सुलतानबीला म्हणत होतो की हंबीर आळस करतोय, तालमीला टाळतोय, जाऊन खडसावतो. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं.

"तुमी खरंच ओळखलं न्हाई?"

"काय?"

"तो पानाचा डाग नव्हता. पानाचा डाग पाण्यात जातो का कधी? तो गार पाण्यात सुटला. रक्त तसं सुटतं, आम्हा बायकांना कळतं ते."

 ती म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी संयोगिताला फोन केला. फुफ्फुसात गाठ हाय. एप्रिलपासनं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय. मला वाटलं तुम्हाला माहीत हाय आणि तुम्ही बोलत न्हाई. मग वाटलं, न्हाईच माहीत, तर राहू दे. तुम्ही इतक्या खुशीत गाणी म्हणत काम करत होता."

मी चिंधी काढून बघितली. तंतोतंत. त्या दिवशी मी आनंदानं ओरडलो होतो. त्याच्यासमोर.

पन्नास वर्षं मी माणसाचं अंग मापून खातो. कुणाची छाती उतरली, कुणाचं पोट सुटलं, टेप न लावता सांगतो. आणि त्यानं मला म्हटलं शिवलेलं नको, माप नको, आणि मी मानलं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळीच गेलो. संयोगितानं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून तिला कळलं. "काका, बाबांनी शपथ घातली होती," एवढंच म्हणाली.

हंबीर उशीला टेकून बसला होता. स्वेटर नव्हता. मी त्याचे खांदे बघितले आणि दुसरीकडे बघितलं.

"कळलं व्हय?" तो म्हणाला. "सुलतानवहिनीनं सांगितलं असंल. तुला स्वतःहून कळायला दोन हजार तीस उजाडलं असतं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रोज डबा घिऊन आला असतास आणि माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं असतंस. माझ्याशी भांडायला कोण राहिलं असतं? विजयसिंहदादा शिरोळासनं येतोय, माझा पाय दाबतोय आणि रडतोय. थोरला भाऊ पाय दाबायला लागला की माणूस खरंच मरतोय असं वाटतंय रे."

मी म्हणालो, "तो काठ मी उसवतो. दुसरा रंगवतो. जांभळाचा, शेरवानीचा, कसलाबी."

तो खरंच रागावला. बसलेल्या आवाजात ओरडला. "हात लावशील तर बघ! चाळीस वर्षं तुझ्या भाड्याच्या कपड्यात मी दुसऱ्याचा राजा झालो. ह्यो एक रंग माझा सोताचा हाय. माझ्या आतनं आलाय. आणि तू त्यो ओळखला नसशील, पण जुळवलास तर. तेवढं बास हाय मला."

मग दम लागला. संयोगिता धावत आली, मला बाहेर बसवलं. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं तर म्हणतो, "शेवटचा प्रवेश. म्हण."

मी म्हणालो, "न्हाई म्हणणार."

"आठ तारीख हाय."

"आठ तारखेला तू उभा राहा, मग म्हणतो."

त्यानं डोळे मिटले. रागावून की थकून ते मला कळलं नाही, आणि आता माझ्या कळण्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

रोज जातो. डबा नेत नाही. भांडतो. आज त्याला खोटंच म्हटलं की तुझ्या नाटकात मानकऱ्याला फार ओळी आहेत, रंगाऱ्याला कमी. त्यानं संयोगिताकडून वही मागवून ओळी मोजून घेतल्या. रंगाऱ्याच्या अकरा जास्त निघाल्या. जिंकला म्हणून खुशीत झोपला.

वाचनालयाला मी अजून काही कळवलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आठवडा झाला. आज लिहू शकतो असं वाटतं.

गेल्या गुरुवारी, एकोणतीसला, पहाटे हंबीर गेला. सातच्या सुमाराला संयोगिताचा फोन आला. "काका, तो पांढरा कपडा घेऊन या." माझं गडद वस्त्र शेजारीच टांगलेलं होतं. ते मी घेतलं नाही. नेहमीचाच सदरा घालून गेलो.

अंगणात माणसं जमली होती. जुने विद्यार्थी, गल्लीतले. हंबीरला पडवीत ठेवलेलं. विजयसिंहदादा उशाशी. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी विचारलं, "ह्ये काय?"

संयोगितानं वडिलांची चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीत लिहिलं होतं की रोमन लोक माणूस गेला की त्याला त्याच्या सगळ्यात मोठ्या मानाच्या वस्त्रात न्यायचे. माझं तसलं एकच आहे. ते निसारकडं आहे. तो आला की त्याच्याच हातून घाला.

दादांनी चिठ्ठी वाचली नाही. "नाटकाचं कापड? बापजाद्यांच्या म्होरं सोंग घिऊन धाडायचं व्हय माझ्या भावाला? नवं धोतर आणलंय आम्ही. पावणं काय म्हणतील?"

"तात्या, बाबांची इच्छा आहे," संयोगिता दादांना म्हणाली.

"त्याला काय, जन्मभर नाटकंच केली त्यानं!" दादांचा आवाज फाटला.  मला वाटलं परत फिरावं. त्यांचं घर, त्यांचा माणूस. मी कोण, कपडे भाड्यानं देणारा. पिशवी संयोगिताच्या हातात द्यायला लागलो. तेवढ्यात दादाच म्हणाले, "कुणी घालायचं लिवलंय?"

"निसारकाकांनी."

ते माझ्याकडं न बघता बाजूला सरकले. "घाला. उशीर नको."

आयुष्यात मी शेकडो माणसांना कपडे घातले. आडव्या माणसाला घातले नव्हते. दोघा विद्यार्थ्यांनी कुशीवर वळवलं, मी पाठीखालून कापड सरकवलं. काही वजन नव्हतं. कापडच जड होतं. उजव्या काखेखालून पुढं घेतलं, निऱ्या एकेक करून बसवल्या. हात आपोआप चालत होते. मेकअपच्या खोलीत, तिसरी घंटा व्हायच्या आत, चालायचे तसे. काठ वर आला. सकाळचं ऊन पडवीत आलं होतं, त्यात तो तांबूस मारला.

शेवटचा पदर डाव्या खांद्यावर टाकायचा, तर खाली हात अडकलेला. मी सवयीनं म्हणालो, "हंबीर, डावा हात वर कर."

आणि थांबलो. खरंच थांबलो, तो वर करेल म्हणून. किती वेळ ते माहीत नाही. 

मग विजयसिंहदादा पुढं आले. गुडघे टेकले. दोन्ही हातांनी भावाचा हात धरला आणि हळूच वर उचलला. माझं होईपर्यंत तसाच धरून ठेवला.